आंबुशीचा हात

आंबुशी म्हणजे काही दुर्मीळ झाड नव्हे. तीन-तीन बारकी पानं, पिवळं इवलंसं फूल, चावलं की आंबट. आमच्या टोंगा बेटांवर तिला किहिकिही म्हणतात आणि ती सांगावं तिथं नाही, सांगू नये तिथं उगवते. चुलीमागं, चर्चच्या पायरीला, रताळ्यांच्या वाफ्यात. पोरं चघळतात, डुकरं तुडवतात. गळू झालं तर ठेचून बांधा, भाजलं तर रस चोळा, कुणी विचारायला येणार नाही. पण तान्ह्या बाळाचं तोंड आलं, जीभ पांढरी पडली, पोर अंगावर पिईना, की मग तीच आंबुशी हाताची लागते. हात म्हणजे आधीच्या जाणत्या माणसानं ज्याला दिला त्याचाच. दुसऱ्या कुणी पिळली तर नुसतं आंबट पाणी निघतं, असं आमच्या बायका शपथेवर सांगतील.

गावात तो हात एसेताकडे होता, आणि सिआलेचं नेमकं एसेताशीच वाकडं होतं.

एसेता ही सिआलेची थोरली नणंद. पन्नाशी उलटलेली, नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही, मूलबाळ नाही. तिच्या दारात माणूस दिसायचं ते त्या हातामुळे. आमच्याकडे बापाच्या बहिणीचा मान मोठा. बाळाचं नाव आत्या ठेवणार, चांगली चटई आत्याला जाणार, आणि आत्याचं मन दुखलं तर ते बाळाला बाधणार. सिआले पलीकडच्या हापाई बेटांवरची होती, पण तिकडेही हेच चालतं, त्यामुळे माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. झालं असं की तिची आई बाळंतपणाच्या दोन महिने आधी गेली. मुलगी झाली आणि सिआलेनं कुणाला न विचारता आईचं नाव ठेवून टाकलं, लुसेआने. एसेता नवी चटई घेऊन नाव ठेवायला आली तोवर पाद्र्याकडे नाव लागलेलंही होतं.

एसेता भांडली नाही. चटई खाली ठेवली आणि म्हणाली, "छान नाव आहे. मग मी कशाला आले होते कुणास ठाऊक."

दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हे वाक्य सिआलेच्या डोक्यात तीन महिने ठाण मांडून बसलं.

तीन महिन्यांनी, वारं सुटलं त्या सोमवारी, लुसेआनेची जीभ पांढरी दिसली. दुपारपर्यंत टाळूही पांढरी झाली. पोर छातीला तोंड लावायची, कळवळून सोडायची आणि रडायची. नर्स पलीकडच्या बेटावर, आणि समुद्र असा उसळलेला की सातेकीनं, म्हणजे सिआलेच्या नवऱ्यानं, होडी ओढून नारळीला बांधून ठेवली होती.

"वारं पडेपर्यंत कुणी सोडणार नाही होडी," तो म्हणाला. "ताईला बोलावतो."

"थांब ना दोन दिवस."

"दोन दिवस काय खाईल ती?" सातेकीनं विचारलं.

शेजारची पिसिला आलीच तेवढ्यात. पिसिला वाईट बाई नव्हे, पण तिच्या पोटात गोष्ट रात्रभर राहत नाही. तिनं बाळाचं तोंड उघडून पाहिलं आणि जीभ चावली.

"मेलेलं माणूस मुका घेतं तेव्हा असं होतं," ती म्हणाली. "नाव कुणाचं ठेवलंस? आईचं. म्हातारीला राहवत नसेल."

"माझी आई माझ्या पोरीला त्रास देईल होय?"

"आई नसेल तर मग आत्या," पिसिला म्हणाली आणि आवाज खाली आणला. "मी काही बोलत नाही हं. पण ती पानं कुठून आणते ठाऊक आहे का तुला? कबरस्तानातून. गावभर आंबुशी माजलीय, आणि हिला लागते ती मेल्यांच्या उशाची."

सिआलेच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

मंगळवारी उजाडताना ती मुद्दाम कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. एसेता कबरस्तानाकडूनच येत होती. ओच्यात पानं, पाय दवानं ओले. सिआलेनं हाक मारली, "वन्सं, लवकर निघालात?" एसेतानं मान वळवली नाही. पाच हातांवरून गेली, एक शब्द नाही. पानं तोडून आणताना बोलायचं नसतं, मागं बघायचं नसतं, हा नियम सिआलेलाही माहीत होता. पण नियम माहीत असणं वेगळं आणि आपल्या पोरीसाठी पानं आणणारी बाई आपल्याकडे ढुंकून बघत नाही हे डोळ्यांनी बघणं वेगळं.

एसेता घरात आली तसा सातेकी मागच्या दारानं बाहेर पडला. तसंच असतं आमच्याकडे. भाऊबहीण मोठे झाले की एका छताखाली बसत नाहीत, एकमेकांसमोर अंगाचं, दुखण्याचं बोलत नाहीत. सिआलेला आजवर यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तिला वाटलं, ही बाई माझ्या घरात येते आणि माझा नवरा उठून जातो, म्हणजे इथं काय घडतं ते बघायला मी एकटीच.

एसेतानं पानं धुतली, तळहातावर चुरडली, माडाच्या जाळीत घालून करवंटीत पिळली. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना असणार. सिआलेनं कान दिला, पण शब्द लागेना.

"घे," एसेता म्हणाली. "पान माझं, पाजायचं आईनं. थेंब थेंब, दिवसातून चारदा. पाच दिवस. चोथा समुद्राच्या बाजूला टाक, कुणाचा पाय पडेल तिथं नको." आणि उठून गेली. औषध देणाऱ्यानं बसून बघत राहायचं नसतं, हाही नियमच.

सिआलेनं चार थेंब पाजले. लुसेआनेनं तोंड वाकडं केलं आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकलं.

झालं. त्या घटकेपासून सिआलेनं तिला एक थेंब पाजला नाही. एसेता सकाळ-संध्याकाळ यायची, पिळून करवंटी हातात द्यायची, सिआले म्हणायची, "आत्ताच डोळा लागलाय तिचा, उठली की पाजते." एसेताची पाठ फिरली की करवंटी मागच्या केळीच्या बुंध्यात रिकामी. पोरीला उकळून गार केलेलं पाणी आणि शहाळ्याचे थेंब. वारं आज पडेल, उद्या पडेल, मग नर्सकडे नेऊ, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं.

बुधवारी तिनं सातेकीला धरलं. "तू विचार तिला. कबरीवरचीच पानं का?"

"मी? ताईला? पोरीच्या तोंडात काय घालतेस म्हणून?" सातेकी असा दचकला की हातातला तारोचा कंद खाली पडला. "वेड लागलंय का तुला? विचारायचं तर तू विचार, तुम्ही दोघी बायका आहात."

"तुझी बहीण आहे."

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि पडलेला तारो उचलून पुन्हा सोलायला बसला.

गुरुवारपर्यंत वारं तसंच होतं. लुसेआनेचं रडणं मात्र कमी झालं. पिसिला म्हणाली, "उतार पडतोय वाटतं." सिआलेला कळत होतं की हा उतार नव्हे. पोरीला रडायचा दम राहिला नव्हता. डोक्याच्या टाळूवरची खळगी खोल गेली होती. सिआले तिला छातीशी धरून बसली की तिला दोन्हीकडून भीती वाटायची. पाजलं तर आत्याचा राग पोटात जाणार, नाही पाजलं तर पोर अशीच वाळत जाणार. आणि एवढं होऊनही तिनं गुरुवार संध्याकाळची करवंटी केळीतच ओतली. आता तिला भित्री म्हणा, मूर्ख म्हणा. पण पोटची पोर ज्याची त्याला असते, आणि संशय एकदा घरात शिरला की त्याला चटई घालावीच लागते.

शुक्रवारी सकाळी एसेतानं करवंटी हातात दिली नाही. खाली ठेवली आणि म्हणाली, "पोर इकडे दे."

"झोपलीय, वन्सं."

"झोपलेलीच दे."

एसेतानं बोटानं हनुवटी खाली ओढली, उजेडाकडे तोंड केलं आणि बराच वेळ पाहत राहिली. मग बाळाला परत सिआलेच्या मांडीवर ठेवलं.

"तीन दिवस माझी आंबुशी पितेय ना ही?"

"हो."

"आंबुशीनं जीभ हिरवट पडते. दुसऱ्या दिवसापासून पडते. हिची अजून पांढरीफटक आहे." एसेताचा आवाज चढला नव्हता. "कोण पितंय ते औषध?"

मागचं दार उघडं होतं आणि बाहेर फणसाच्या झाडाखाली सातेकीचे पाय दिसत होते. ऐकत असणार तो. ऐकत असला तरी आत यायचा नाही.

"केळ," ती म्हणाली.

"काय?"

"केळीला ओतलं मी. मंगळवारपासून." आणि एकदा तोंड उघडल्यावर तिचा बांध फुटला. "तुम्ही माझ्या हाकेला ओ दिली नाही. तुम्ही कबरीवरची पानं आणता. नावावरून तुमच्या मनात आहे ते मला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी पोर ओकली. मी काय करायचं होतं? तुमच्या ओठांतलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही, तुम्ही काय म्हणत होता कुणास ठाऊक."

"कबरीवरची नव्हे, कबरस्तानातली," एसेता म्हणाली. "डुकरांमुळे. त्याला कुंपण आहे. सगळ्या गावात डुकरं न मुतलेली दुसरी जागा मला दाखव, उद्यापासून तिथली आणते."

सिआलेनं बाळाला आणखी जवळ ओढलं.

"आणि राग होता मला. आहे. नाव मी योजलं होतं, सात महिने मनात घोळवलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन रडले मी. पण सिआले, माझ्या भावाची पोर आहे ती. मला दुसरं कोण आहे?"

हे ऐकून सिआलेचा संशय विरघळला असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. डुकरांचं तिला पटलं. रडल्याचंही पटलं. तरी करवंटीकडे बघितलं की हात पुढं होईना. एसेतानं ते पाहिलं.

"नाही पाजणार तू," ती म्हणाली. "मी आता देवाची आण घेतली तरी नाही. बरं. पोर तुझ्याच हातचं पिणार असेल, तर हात तुझा पाहिजे. पाणी आण."

"कसलं पाणी?"

"पिंपातलं. मोठ्या भांड्यात."

सिआलेनं आणलं. एसेतानं उरलेली पानं त्यात चुरडली, दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि सिआलेला हात खाली धरायला सांगितलं. तेव्हा कुठं सिआलेला उमगलं काय चाललंय ते. हात असाच देतात. देणाऱ्याच्या हातावरून पाणी घेणाऱ्याच्या हातावर पडतं, आणि ज्यानं दिला त्याच्याकडे मग राहत नाही. मरायला टेकलेली माणसं देतात तो. धडधाकट माणूस कुणी देत नाही.

आणि अशा वेळीसुद्धा सिआलेचं मन वाकड्यातच शिरलं. तिनं हात मागं घेतला.

"आणि पोर दगावली तर?" ती म्हणाली. "गाव म्हणेल, एसेताकडे हात होता तोवर मुलं वाचत होती. माझ्या हातानं मेली असं होईल."

"होईल," एसेता म्हणाली. "माझ्या हातानं मेली असती तर तू जन्मभर मला खाल्लं असतंस. कुणाला तरी ते घ्यावंच लागणार. धर हात."

बाळानं घशातून बारीक आवाज काढला. सिआलेनं हात धरले.

पाणी गार होतं. एसेतानं आपले हात वरून खाली निथळून घेतले, एकदा, दोनदा, आणि मग लुगड्याला पुसले. "आता माझ्या बोटांत काही नाही," ती म्हणाली. "पीळ. अंगठ्यानं नको, तळव्यानं. एका वेळी तीनच थेंब, मंगळवारी तू जास्त पाजलेस म्हणून ओकली. गालाच्या बाजूनं सोड." एवढं सांगून ती उठली, आणि आपल्या भावाला घरात येता यावं म्हणून लवकर निघून गेली.

त्या दिवशी सिआलेनं तासातासाला तीन-तीन थेंब सोडले. संध्याकाळी जिभेच्या कडा हिरवट दिसल्या. शनिवारी दुपारी लुसेआनेनं छाती धरली ती सोडली नाही, आणि सिआलेचा जीव भांड्यात पडला. सोमवारी वारं पडलं. नर्सनं तोंड पाहिलं, थेंबांची बाटली दिली, उतरत आलंय म्हणाली, आणि हे हिरवं काय म्हणून रागावली. आंबुशीनं बरं झालं, थेंबांनी की आपोआप, यावर ज्यानं त्यानं आपापलं मत ठेवावं. सिआले दोन्ही देत राहिली.

एसेतानं गावात कुणाला काही सांगितलं नाही. म्हणून मग पुढच्या आठवड्यात जे व्हायचं ते झालं.

बायका चर्चच्या पडवीत कापडासाठी झाडाची साल कुटायला बसल्या होत्या. कापडाला ठिगळं जोडणं चाललं होतं, सिआले एका टोकाला, एसेता दुसऱ्या. पिसिला नातवाला काखेत मारून आली. पोराचं तोंड आलं होतं. ती सरळ एसेतासमोर बसली.

"माझ्याकडे नाही आता," एसेता कुटता कुटता म्हणाली. "सिआलेला विचार."

पडवीतल्या सगळ्या लाकडी मोगऱ्या थांबल्या.

"म्हणजे?" पिसिलानं विचारलं.

"दिला मी तिला."

"जिवंतपणी? का म्हणून?" एसेतानं समोरची साल उलटली. तशी पिसिला सिआलेकडे वळली. "तूच काही केलंस. मी म्हणतच होते, हापाईच्या बायकांना असलं येतं. तीन महिने तोंड फिरवून बसलीस, नाव हिसकावलंस, आणि आता म्हातारीचा हातही काढून घेतलास. काय खायला घातलंस तिला?"

दोन-तीन बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली. सिआलेनं ते पाहिलं. गप्प बसली असती तर एसेतानंही तोंड उघडलं नसतं, हे तिला पक्कं कळत होतं. अकरा दिवस ती बाई गप्प होती. भावजयीनं आपल्याला चेटकीण समजलं हे तिनं गावाला सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी स्वतःच्या दारातली माणसं घालवली होती. सिआलेला आपलीच लाज वाटली. तिनं हातातली मोगरी खाली ठेवली.

"पोर आजारी असताना मी वन्संचं औषध तीन दिवस केळीत ओतलं," ती म्हणाली. "मला वाटलं त्या माझ्या पोरीला मारतायत. पोर मरायला टेकली तरी मी पाजेना. तेव्हा त्यांनी हात मला दिला. मी मागितला नव्हता, आणि माझी तेवढी लायकीही नव्हती."

पिसिलाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, कारण कबरस्तानाची गोष्ट कुणी सांगितली होती ते तिला आठवत असणार.

"खरं का हे?" तिनं शेवटी एसेताला विचारलं.

"खरंय," एसेता म्हणाली. "आता कुटू द्या. साल वाळतेय."

पिसिलानं नातवाचं तोंड पुसलं. एकदा एसेताकडे पाहिलं, एकदा सिआलेकडे. पोर कळवळून रडायला लागलं.

"उद्या पहाटे ये मग," ती सिआलेला म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर पिळायचं. आणि आधी तू प्यायचं, मग तो."

दुसऱ्या दिवशी सिआलेनं पिसिलाच्या ओट्यावर पानं पिळली. पिसिला गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि तिची नजर सिआलेच्या ओठांवर होती. सिआलेनं करवंटी तोंडाला लावली आणि तिला दिसेल असा मोठा घोट घेतला. दात आंबले. तीन दिवस हेच आपण मातीत ओतलं, हे तिच्या जिभेला आज पहिल्यांदा कळलं, आणि ती पिसिलासमोर रडायला लागली.

"गिळलंस का?" पिसिलानं विचारलं.

सिआलेनं तोंड उघडून दाखवलं, आणि पिसिलानं नातवाला तिच्या मांडीवर दिलं.